स्काडावर सारखं ‘कम्युनिकेशन फेल’ येतंय? मॉडबस ड्रायव्हर आणि आरएस-४८५ लूप कसा तपासायचा

स्काडा म्हणजे प्लँटमधले आकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दाखवणारा प्रोग्रॅम. लक्षणं आधी. फोनवर मला एवढंच ऐकू येतं की ‘कम्युनिकेशन गेलंय’, पण जाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

कोल्ड स्टोरेजमधल्या एखाद्या चेंबरच्या (थंड खोलीच्या) तापमानाच्या जागी रेघा किंवा प्रश्नचिन्हं येतात आणि मिनिटाभरात आकडा आपोआप परत दिसतो. कधी सगळे चेंबर एकदम जातात. कधी जात कुणीच नाही, पण पूर्वी सेकंदात बदलणारा आकडा बदलायला चार-पाच सेकंद लागतात. कंडेन्सरच्या पंख्याचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) सुरू झाला की ठरावीक दोन-तीन चेंबरच लुकलुकतात. नवा कंट्रोलर बसवला त्या दिवसापासून लांबचा, चांगला चालणारा जुना कंट्रोलर बंद पडतो. आणि या सगळ्यांपेक्षा वाईट म्हणजे पडद्यावर सगळं हिरवंगार असतं, पण आकडा खोटा असतो.

मी कुपवाड एमआयडीसीत पॅनल आणि पीएलसीची (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक कॉम्प्युटरची) कामं करतो. सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की आता एकदा सगळं लिहूनच काढतो. मांडणी बहुतेक ठिकाणी एकच असते. दहा-बारा चेंबर, प्रत्येक दाराशी एक तापमान कंट्रोलर, सगळ्यांना जोडत गेलेली दोन तारांची आरएस-४८५ केबल (हाच आपला लूप), ऑफिसातल्या कॉम्प्युटरला यूएसबी कन्व्हर्टर आणि स्काडात मॉडबस आरटीयूचा ड्रायव्हर. मॉडबस ही डिव्हाइसनी तारेवर कसं बोलायचं याची भाषा आणि ड्रायव्हर म्हणजे स्काडाच्या वतीने ती बोलणारा भाग. हळदीच्या गोदामात, साखर कारखान्याच्या एनर्जी मीटरवर, पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्येही हेच सापडेल. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने स्वतःच्या पीएलसीसाठी आणला आणि सोपा असल्यामुळे तो आजही सगळीकडे चालतो. नियम एकच: मास्टर (इथे कॉम्प्युटर) विचारतो आणि ज्याचा पत्ता पुकारला तोच स्लेव्ह (इथे कंट्रोलर) उत्तर देतो. आपणहून कुणी बोलत नाही.

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी चेंबरच्या दाराशी जा. कंट्रोलरवर तापमान बरोबर दिसतंय का आणि कूलिंग चालू आहे का, ते डोळ्यांनी बघा. बहुतेक कंट्रोलर स्वतःच्या बळावर चालतात. लूप तुटला तरी थंडी जात नाही, फक्त ऑफिसात दिसायचं बंद होतं. मात्र काही ठिकाणी पीएलसी याच लूपवरून तापमान वाचून कॉम्प्रेसर चालवतो किंवा ट्रिप करतो. तसं असेल तर प्लँट ऑपरेटरला सांगितल्याशिवाय एकही तार काढू नका. आत शेतकऱ्याचा वर्षभराचा माल असतो. बेदाणा उष्णतेत राहिला की त्याचा रंग काळपटतो आणि रंग गेला की भाव जातो.

आधी एरर वाचा

ड्रायव्हरच्या लॉगमध्ये किंवा डायग्नोस्टिक खिडकीत नेमका शब्द काय आहे ते बघा. बरेच जण इथेच चुकतात. लाल दिसलं की लगेच बॉडरेट (तारेवरचा वेग) बदलतात, टाइमआउट (उत्तराची वाट बघायचा वेळ) वाढवतात, केबल हलवतात. मग मूळ दोष कुठला आणि आपण केलेला कुठला, हे कुणालाच कळत नाही.

‘टाइमआउट’ म्हणजे विचारलं, पण उत्तर आलं नाही. ‘सीआरसी एरर’ म्हणजे उत्तर आलं, पण वाटेत बिघडलं. ‘एक्सेप्शन’ म्हणजे उत्तर धडधाकट आलं आणि त्यात कंट्रोलर सांगतोय की तुमचा प्रश्नच चुकलाय. एक्सेप्शन दिसलं तर वायरिंगकडे ढुंकूनही बघू नका. तार, पत्ता, बॉडरेट सगळं बरोबर आहे म्हणून तर उत्तर पोचलं. कोड ०२ असेल तर तुम्ही मागितलेला रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) त्या डिव्हाइसमध्ये नाही. कोड ०१ असेल तर तो फंक्शन कोड (वाच, लिही अशा हुकमाचा नंबर) त्याला येत नाही. चूक तुमच्या टॅगच्या (कुठला आकडा कुठून वाचायचा याच्या स्काडातल्या नोंदींच्या) यादीत शोधा.

टाइमआउटबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. स्लेव्हकडे बिघडलेला प्रश्न पोचला तर तो ‘समजलं नाही’ असं म्हणत नाही. नियमाप्रमाणे तो गप्प बसतो. त्यामुळे बॉडरेट चुकला, पॅरिटी (अक्षराबरोबर जाणारा तपासणीचा बिट) चुकली, पत्ता चुकला किंवा जाताना गोंगाट मिसळला, तरी कॉम्प्युटरला टाइमआउटच दिसतो. टाइमआउट आला म्हणजे तार तुटली असं समजून केबल उकरायला घेऊ नका.

बिनखर्चाच्या तपासण्या

एका कॉम पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालतो. कुणीतरी तपासायला मॉडबस पोल उघडलं, खिडकी खाली करून विसरून गेलं, आणि स्काडाला पोर्ट मिळेना. दुपारी जेवणाच्या वेळेत ‘सगळे चेंबर एकदम गेले’ असा फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. साफसफाई करताना कुणी कन्व्हर्टर काढून दुसऱ्या यूएसबी भोकात लावला, तर अनेक कन्व्हर्टरचा कॉम ३ चा कॉम ५ होतो. ड्रायव्हर मात्र कॉम ३ वरच हाका मारत बसतो. नंबर जुळवा आणि त्या भोकाशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवा. नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर कन्व्हर्टरचा विंडोज ड्रायव्हरच चढलेला नाही. तो आधी घाला, स्काडाचं नंतर बघा. पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. रात्री कॉम्प्युटर शांत झाला की विंडोज कन्व्हर्टरला झोपवू शकतं आणि सकाळी आलेल्या माणसाला रात्रभराची नोंद कोरी सापडते. लाइट जाऊन डीजीवर (जनरेटरवर) आल्यानंतरच बिघाड होत असेल तर कन्व्हर्टर काढून पुन्हा लावा आणि तो कॉम्प्युटर यूपीएसवर घ्या.

कन्व्हर्टरवरच्या दोन बारीक दिव्यांकडे बघा. पाठवण्याचा लुकलुकतोय आणि घेण्याचा मेलेला आहे, तर दोष पुढे लूपमध्ये किंवा सेटिंगमध्ये. पाठवण्याचाही लुकलुकत नसेल तर प्रश्न कॉम्प्युटरमधून बाहेरच पडत नाही. एवढं कळलं की अर्धं काम संपलं.

पत्ता, बॉडरेट, पॅरिटी

कंट्रोलरच्या मेनूतला आकडा आणि ड्रायव्हरमधला आकडा शेजारी शेजारी लिहा. तोंडाने ‘९६०० आहे’ म्हणू नका, जाऊन बघा. पॅरिटीवर जास्त लक्ष द्या. मॉडबसच्या मूळ नियमात डिफॉल्ट पॅरिटी ईव्हन आहे आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) घ्यायला सांगितलंय. प्रत्यक्षात आपल्याकडे येणारे पुष्कळ कंट्रोलर नो पॅरिटी, एक स्टॉप बिट असे येतात. एकाच लूपवर दोन कंपन्यांचे डिव्हाइस आले की इथे हमखास गोंधळ होतो, कारण लूपवर सगळ्यांचं सेटिंग एकच असावं लागतं.

पत्ता १ ते २४७ मध्ये असतो आणि दोघांचा एक असून चालत नाही. नवा कंट्रोलर बॉक्समधून काढला की त्याचा पत्ता बहुधा १ असतो. तो चेंबर नऊला बसवला आणि पत्ता बदलायचा राहिला, तर चेंबर नऊ तर दिसत नाहीच, पण चेंबर एकही बिघडतो, कारण एकची हाक आली की दोघेही एकदम बोलतात. मग सीआरसी एरर येतात, तेही फक्त एकाच पत्त्यावर. एकाच पत्त्यावर सीआरसी आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर अलीकडे काय बदललं ते विचारा.

टाइमआउट वाढवणं हा उपाय नव्हे

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये सगळ्यांत जास्त खेळ याच आकड्याशी होतो.

९६०० बॉडला दहा रजिस्टर वाचायचे तर प्रश्न ८ बाइटचा आणि उत्तर २५ बाइटचं, म्हणजे एकूण ३३ बाइट. एका बाइटला दहा बिट धरले तर सुमारे ३४ मिलिसेकंद तारेवर जातात. कंट्रोलरला विचार करायला पन्नासेक मिलिसेकंद द्या. बारा चेंबरची फेरी साधारण एका सेकंदात होते. आता एका चेंबरचा कंट्रोलर दुरुस्तीसाठी बंद आहे. ड्रायव्हरमध्ये टाइमआउट एक सेकंद आणि प्रयत्न तीन. त्या एका गप्प डिव्हाइससाठी प्रत्येक फेरीत तीन सेकंद वाया जातात, एका सेकंदाची फेरी चार सेकंदांची होते आणि सगळेच चेंबर ‘स्लो’ दिसायला लागतात. त्यात कुणी टाइमआउट वाढवून तीन सेकंद केला तर नऊ सेकंद वाया. स्क्रीन इतकी मंद होते की माणूस केबलला दोष देतो.

म्हणून जो डिव्हाइस बंद आहे त्याचं पोलिंग (फेरीत प्रश्न विचारणं) ड्रायव्हरमध्ये बंद करून ठेवा. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये काही प्रयत्न फसले की त्या डिव्हाइसला थोडा वेळ बाजूला ठेवायची सोय असते, ती चालू करा. साध्या तारेच्या लूपवर मी टाइमआउट ३०० ते ५०० मिलिसेकंद आणि प्रयत्न दोन ठेवतो. मध्ये वायरलेस मोडेम किंवा गेटवे असेल तर जास्त लागतो. एखादा जुना कंट्रोलर एका उत्तरानंतर लगेच आलेला प्रश्न गिळतो. त्यासाठी दोन प्रश्नांमधला विराम वाढवा, २०-३० मिलिसेकंद. बऱ्याच वेळा ‘अधूनमधून जातंय’ ही तक्रार टाइमआउटने नाही तर या विरामाने मिटते. नियमाप्रमाणे दोन फ्रेममध्ये (संदेशांमध्ये) साडेतीन अक्षरांची शांतता हवीच. ९६०० ला ती चार मिलिसेकंद होते, पण स्वस्त कंट्रोलरला तेवढी पुरत नाही.

एका प्रश्नात १२५ रजिस्टरपर्यंत वाचता येतात हे खरं, पण छोटे कंट्रोलर बऱ्याचदा त्याहून खूप कमी देतात. ड्रायव्हरमधला ब्लॉक साइज दहा-सोळावर आणा आणि एरर थांबते का बघा.

खोटा आकडा

ज्या दोषाला एरर येत नाही त्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. तासगाव रस्त्यावरच्या एका स्टोरेजमध्ये एक चेंबर आठवडाभर अगदी स्थिर ४.० दाखवत होता. सगळे खूश. दाराशी जाऊन बघितलं तर आत साडेनऊ. स्काडा खोलीचं तापमान वाचतच नव्हता, सेट पॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) वाचत होता. मॅन्युअलमध्ये रजिस्टर ४०००१ लिहिलेला असतो, पण तारेवर त्याचा पत्ता ० जातो. काही ड्रायव्हर ४०००१ मागतात, काही १, काही ०. एकाने सरकलं की शेजारचा रजिस्टर येतो, आणि तोही व्यवस्थित आकडा असतो.

तपासायची रीत स्वस्त आहे. ग्लासात बर्फ आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, सेन्सर त्यात पाच मिनिटं धरा. कंट्रोलर आणि स्काडा दोन्हीकडे शून्याच्या आसपास आलं पाहिजे. मग सेन्सर मुठीत धरा, दोन्ही आकडे चढले पाहिजेत. नवा टॅग घातला की हे प्रत्येक चेंबरला करा, एकही वगळू नका.

कॉइलचं तापमान शून्याखाली गेल्यावर पडद्यावर ६५५२.६ असा आकडा आला तर घाबरू नका. वजा १.० हे कंट्रोलरमध्ये वजा १० असं साठवलेलं असतं आणि ड्रायव्हर त्याला बिनचिन्हाचा आकडा समजून ६५५२६ वाचतो. टॅगचा डेटा प्रकार साइन्ड (चिन्हासह) करा. एनर्जी मीटरचा आकडा वेडावाकडा येत असेल तर तो बहुधा दोन रजिस्टरचा फ्लोट (दशांश आकडा) असतो आणि त्यांचा क्रम उलटा घेतलेला असतो. ड्रायव्हरमधला वर्ड स्वॅप बदलून बघा.

आता तारा

इथून पुढे मल्टीमीटर लागेल आणि लूप बंद करावा लागेल.

ए आणि बी ही अक्षरं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने वापरत नाहीत. एकाचा ए म्हणजे दुसऱ्याचा अधिक, तिसऱ्याचा वजा. नवा डिव्हाइस अजिबात बोलत नसेल तर त्याच्या दोन तारा उलट करून बघा. आरएस-४८५ मध्ये अदलाबदलीने काही जळत नाही. फक्त शेजारच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट किंवा २३० आहे का ते आधी तपासा, कारण तिथे घसरलेली तार डिव्हाइस घेऊन जाते.

केबल एका डिव्हाइसमधून निघून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी माळेसारखी गेली पाहिजे. नंतर वाढवलेल्या चेंबरसाठी छतावरच्या जंक्शन बॉक्समधून फाटा काढलेला मला नेहमी सापडतो. लांब फाट्याच्या टोकाहून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. पावसाळ्यात त्याच बॉक्समध्ये पाणी उतरतं. फाटा काढून माळ नीट करायला एक दिवस जातो, पण पुढची कित्येक वर्षं फोन येत नाही.

लूपच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर (टर्मिनेशन) हवा, मध्ये कुठेही नको. सगळ्या डिव्हाइसचा आणि कन्व्हर्टरचा सप्लाय बंद करून दोन तारांमध्ये ओहम मोजा. साठच्या आसपास आलं तर दोन रेझिस्टर आहेत, बरोबर. १२० आलं तर एकच. चाळीस किंवा कमी आलं तर मधल्या कुणाचा तरी टर्मिनेशनचा डिप स्विच चालू राहिलाय. मग सप्लाय चालू करा, ड्रायव्हरचं पोलिंग थांबवा आणि त्याच दोन तारांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त हवेत. जवळजवळ शून्य असतील तर लाइन शांत असताना तरंगते आणि रिसीव्हर गोंगाटालाच अक्षर समजतो. त्यासाठी बायस रेझिस्टर (शांत लाइनला ठरावीक व्होल्टवर धरणारे) लागतात, तेही पूर्ण लूपवर एकाच ठिकाणी. अनेक कन्व्हर्टरमध्ये ते जंपरने चालू करता येतात.

शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं तर दोन पॅनलच्या अर्थिंगमधला फरक शील्डमधून वाहायला लागतो. पंख्याचा किंवा कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह सुरू होताच चेंबर लुकलुकत असतील तर लॉगमधली वेळ आणि ड्राइव्ह सुरू झाल्याची वेळ ताडून बघा. जुळली तर मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये गेलेली ४८५ केबल वेगळी काढा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. दोन लांबच्या पॅनलमध्ये जायचं असेल तर दोन तारांबरोबर कॉमनची तिसरी तार न्या आणि कन्व्हर्टर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा) घ्या.

वळवानंतर

एप्रिल-मे महिन्यात वळीव पडला, विजा कडाडल्या आणि दुसऱ्या सकाळी पूर्ण लूप मेला, तर एखाद्या डिव्हाइसची ४८५ चिप गेलेली असते. गंमत म्हणजे तो कंट्रोलर स्वतः छान चालताना दिसतो, तापमान दाखवतो, कूलिंग करतो, पण त्याची मेलेली चिप दोन्ही तारा दाबून धरते आणि बाकीच्या अकरांना बोलू देत नाही. एकेक काढत बसू नका. लूप मधोमध तोडा. कॉम्प्युटरकडचे सहा बोलले तर दोष पलीकडे, नाही बोलले तर अलीकडे. दोषी अर्धा पुन्हा अर्धा करा. बारा डिव्हाइसमध्ये जास्तीत जास्त चार वेळा तोडून तो सापडतो. तोडताना प्रत्येक टोकाला तात्पुरता १२० ओहम लावला तर निकाल खात्रीचा मिळतो.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

सिग्नल तारेवर किंवा शील्डवर हात लावताच झिणझिणी आली, किंवा मीटरने अर्थच्या तुलनेत मोठं एसी व्होल्टेज दाखवलं, तर लायसन्सधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. हा कम्युनिकेशनचा दोष नाही, अर्थिंगचा किंवा इन्सुलेशनचा आहे आणि तो जीव घेऊ शकतो. ४१५ व्होल्टच्या पॅनलचं दार उघडून आतून केबल फिरवायची असेल तरीही तेच.

लूपवर अमोनियाचा गळती शोधणारा सेन्सर किंवा कॉम्प्रेसरची प्रेशर ट्रिप असेल तर ‘तपासण्यापुरतं’ म्हणूनही ती बायपास करू नका. रेफ्रिजरेशनवाल्याला समोर उभं करा आणि मगच लूप तोडा.

पीएलसीचा प्रोग्रॅम बदलावा लागणार असेल आणि त्याचा बॅकअप तुमच्याकडे नसेल तर थांबा. वॉरंटीतला कंट्रोलर उघडू नका. आणि दोन दिवस होऊनही दोष अधूनमधूनच येत असेल, वरचं सगळं तपासून झालं असेल, तर ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाची गरज आहे. सिग्नलचा आकार बघितल्याशिवाय त्यापुढे फक्त अंदाज उरतात.

त्या माणसाला फोन करताना हे हाताशी ठेवा: एररचा नेमका शब्द आणि वेळ, कोणते पत्ते जातात, बॉडरेट-पॅरिटी, मोजलेले ओहम आणि व्होल्ट, केबल कुठून कुठे जाते त्याचं हाताने काढलेलं चित्र, आणि तुम्ही काय काय बदललं त्याची यादी. ही यादी बदल करता करता लिहा, कारण संध्याकाळी आठवत नाही. मला ती व्हॉट्सॲपवर आधी मिळाली तर बऱ्याचदा तासगावला यावंच लागत नाही.